इंदूरच्या घरातली वर्षाची बेगमी: गहू, गॅस, वीज, पाणी

काटकसर म्हटली की आधी चहातली साखर आणि साबणाची वडी आठवते. चार माणसांच्या घरात त्यातून वर्षाकाठी फारसं काही हाती लागत नाही. पैसा जातो तो ठरावीक जागी: वर्षाचं धान्य, गॅस, विजेचं बिल, मे महिन्यातले टँकर आणि आणून सडवलेली भाजी. इंदूरमध्ये या प्रत्येकाचा आपला हंगाम आहे आणि तो हंगाम हातचा गेला तर नंतर कितीही हात आखडला तरी तूट भरून निघत नाही.

म्हणून आधी भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि त्यावर चार गोष्टी लिहायला लागा: सिलिंडर लावल्याची तारीख, दर रविवारचं मीटर रीडिंग, दळणाला नेलेल्या गव्हाचं वजन आणि टाकून दिलेली भाजी. तीन महिन्यांत आपल्या घरची गळती कुठे आहे ते कळतं. शेजारच्या घरची बहुधा दुसरीकडेच असते.

गहू

एका पोळीला साधारण 30 ग्रॅम पीठ लागतं. दोन्ही वेळच्या मिळून 18 पोळ्या धरल्या तर रोज 540 ग्रॅम, म्हणजे महिन्याला सोळा किलो. सणवार आणि पाहुणे धरून वर्षाला 2 क्विंटल पुरतो. भात जास्त खाणाऱ्या घराला दीड क्विंटल पुष्कळ झाला.

नवा गहू मार्चअखेर दिसायला लागतो, पण घाई नको. पहिल्या मालात ओल असते आणि वजनात आपण पाण्याचे पैसे मोजतो. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ चांगला. छावणी आणि मल्हारगंजकडच्या धान्याच्या दुकानांत भाव विचारा, कॉलनीत ट्रॉली घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यालाही विचारा. भाव तोलताना हमाली, चाळणी आणि बारदानाचं वजन धरा. तागाचं पोतंच अर्ध्या ते एक किलोचं असतं, ते वजा झालंच पाहिजे.

पोळीसाठी लोकवन, शरबती किंवा पूर्णा घ्यावा. बाफले, लापशी, रवा यांसाठी पोषणसारखा कठिया (ड्युरम) गहू वेगळा दहा-पंधरा किलो घ्यावा. (पूर्णा आणि पोषण हे दोन्ही वाण इंदूरच्याच गहू संशोधन केंद्राचे.) कठियाची पोळी निवली की चामट होते, त्यामुळे स्वस्त मिळाला म्हणून तो वर्षभरासाठी भरू नका. दुकानातल्या नावावर विसंबू नका. पाच किलो नमुना आणा, दळा, सकाळी पोळ्या करून डब्यात ठेवा आणि संध्याकाळी मोडून पाहा. तेव्हाही मऊ असतील तरच पोत्यांची ऑर्डर द्या.

गहू घरी आला की दाणा दाढेखाली धरून चावा. कट् आवाज होऊन तुकडा पडला तर तो वाळलेला आहे. दबला तर ओल आहे, आणि ओल असलेला गहू कोणत्याही औषधाने टिकत नाही. गच्चीवर चादरी अंथरून तीन-चार सेंटीमीटर जाडीचा थर पसरा. दोन दिवस, दहा ते चार, दर तासाला हात फिरवत वाळवा. मग एक रात्र घरात उघडा ठेवा आणि सकाळी निवलेला गहू भरा. ही रात्र बहुतेक जण टाळतात आणि तिथेच चुकतं. तापलेला गहू थेट पत्र्याच्या कोठीत गेला की रात्री पत्रा थंड होतो, आतल्या वाफेचं पाणी कडांना आणि वरच्या थराला धरतं. श्रावणात कोठी उघडल्यावर सापडणारी बुरशीची ढेकळं त्याचीच.

किडीसाठी एरंडेल तेल हा घरगुती उपाय सर्वांत भरवशाचा. प्रमाण किलोला 5 मिलिलिटर, म्हणजे क्विंटलला अर्धा लिटर. एका वेळी दहा किलो गहू घ्या, 50 मिलिलिटर तेल किंचित कोमट करून ओता आणि प्रत्येक दाण्याला चकाकी येईपर्यंत दोन्ही हातांनी चोळा. तेल जास्त झालं की पीठ चक्कीच्या दगडाला चिकटतं आणि चक्कीवाला दळण परत करतो. कमी झालं तर सोंडे कोरड्या दाण्यांत शिरतात. तेल लावायचं ते वाळवून निवल्यावरच. आधी लावलं तर ओल आतच कोंडते. वाळलेला कडुनिंबाचा पाला थराथरात घालायला हरकत नाही, पण नुसत्या पाल्यावर वर्ष काढण्याची आशा धरू नका.

धान्यातली कीड मारायच्या सल्फासच्या गोळ्या घरात आणायच्याच नाहीत, कोणी कितीही खात्री दिली तरी. हवेतल्या ओलीने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. त्याच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत झोपलेली माणसं त्याने मरू शकतात आणि त्यावर उतारा नाही.

कोठी भिंतीपासून हातभर दूर, लाकडी पाटांवर ठेवा आणि काठोकाठ भरा. वर पोकळी जितकी कमी, किडीला हवा तितकी कमी. महिन्याचा गहू एकदाच काढून छोट्या डब्यात घ्या. जून ते सप्टेंबर कोठी पावसाच्या दिवशी उघडायची नाही, उन्हाची उघडीप पाहूनच काढायचा. दळणही पावसाळ्यात दहा दिवसांपुरतंच करा, नाहीतर पिठाला जाळी धरते.

डाळी, मिरची, लसूण

डाळीची वर्षाची साठवण करू नये. नवी तूर बाजारात जानेवारी-फेब्रुवारीत येते, हरभरा मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा तीन-चार महिन्यांची डाळ घ्यावी, पुढची नंतर. कारण जुनी डाळ आणि जुना हरभरा शिजायला वेळ घेतो आणि भावात वाचलेले पैसे गॅसमध्ये जातात. सियागंज आणि मारोठिया बाजारात पाच-दहा किलोच्या खरेदीलाही किरकोळीपेक्षा बरा भाव मिळतो. दोन-तीन घरांनी मिळून पोतं घेतलं तर आणखी बरा.

तिखटासाठी खरगोनकडच्या बेडियाच्या बाजारातली निमाडी मिरची घ्या. उन्हात कडकडीत वाळवून, देठ काढून दळा, कारण देठासकट घेतली तर त्या वजनाचे पैसे वाया आणि रंगही फिका. लसूण मंदसौर-नीमचकडचा, एप्रिलपर्यंत पुरता सुकलेला, पातीसकट जुड्या बांधून वाऱ्यावर टांगा. कांदा एप्रिल-मेचा रब्बीचा टिकतो, हवेशीर जागी चार-पाच महिने. दिवाळीनंतर येणारा खरिपाचा कांदा स्वस्त असला तरी पंधरा दिवसांपुरताच घ्या, त्यात पाणी जास्त असतं. बटाटे कांद्याजवळ ठेवू नका, कोंब लवकर येतात.

गॅस

घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. तो किती दिवस गेला त्याने भागा: 36 दिवस गेला तर रोज सुमारे 395 ग्रॅम, 45 दिवस गेला तर 315. हा एक आकडा दर वेळी कॅलेंडरवर लिहा. तो अचानक वाढला तर आधी गळती पाहा: रेग्युलेटर, नळी आणि शेगडीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतात का बघा. नळीवर वैधतेची तारीख छापलेली असते. ती उलटली की नळी बदला. इथे पैसे वाचवू नका.

गॅस वाचवण्याची सर्वांत मोठी जागा म्हणजे भिजवण. तांदूळ वीस मिनिटं, तूर डाळ अर्धा तास, छोले-राजमा आठ तास. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा. कुकरच्या आत दाब तयार झाल्यावर मोठी आच शिट्ट्या वाढवते, शिजणं वाढवत नाही. शिट्टी होण्याऐवजी झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसत असेल तर गॅस्केट सैल झालं आहे. नवं गॅस्केट आणा, जुनं फ्रीजमध्ये ठेवून दिवस ढकलू नका. ज्योत पिवळी दिसली, भांडी काळी व्हायला लागली तर बर्नरची भोकं दाभणाने साफ करा.

इंदूरच्या बऱ्याच घरांत नर्मदेचं आणि बोअरिंगचं अशी दोन पाणी असतात. डाळ नर्मदेच्या पाण्यात शिजवा. बोअरिंगच्या जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या दाण्यात बसतं आणि पाच शिट्ट्यांनंतरही डाळ गुठळ्याच राहते. डाळ वाईट मिळाली म्हणून दुकान बदलण्याआधी पाणी बदलून पाहा.

वीज: जानेवारीचं बिल

सध्या मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेखाली महिन्याचा वापर 150 युनिटपर्यंत असेल तर पहिल्या 100 युनिटना 100 रुपये पडतात. 150 ओलांडले की त्या महिन्याची सवलत पूर्ण जाते. म्हणजे 148 आणि 155 युनिटच्या बिलांत फरक सात युनिटचा नसतो, फार मोठा असतो. लक्ष्य ठेवा: रोज 5, आठवड्याला 35. रविवारच्या रीडिंगचा उपयोग इथेच होतो. तिसऱ्या रविवारी 115 दिसले तर उरलेल्या दिवसांत आवरता येतं.

एका साध्या घराचा रोजचा हिशेब मांडून पाहू. फ्रीज 1 युनिट. जुने 75 वॉटचे तीन पंखे, दहा-दहा तास, म्हणजे सव्वा दोन. दिवे आणि टीव्ही मिळून 0.6. पाण्याची मोटर अर्धा तास, अर्धा युनिट. एकूण 4.35. एप्रिलमध्ये कूलर दहा तास चालला की त्यात 1.8 युनिट वाढतात आणि पाचची रेघ मागे पडते. तिन्ही पंखे 30 वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) केले तर पंख्यांचा खर्च 0.9 वर येतो आणि कूलरसकट बेरीज 4.8 होते. म्हणून पंखे बदलायचेच असतील तर कूलर काढण्याआधी, मार्चमध्ये बदला.

थंडीत पंखे बंद असूनही बिल वाढतं ते आंघोळीच्या पाण्याने. 20 लिटर पाणी 15 अंशांवरून 42 अंशांवर न्यायला सुमारे 0.63 युनिट लागतात, चार जणांना अडीच. यात भर पडते ती विसरलेल्या गीझरची. शेवटचा माणूस आंघोळीला जाण्याआधीच गीझर बंद करा. 15 लिटरच्या टाकीत 60 अंशांचं पाणी तसंच राहिलं तर पाऊण युनिट वीज तिथे निवून जाते. ज्यांना दुपारी आंघोळ चालते त्यांनी गच्चीच्या टाकीचं उन्हाने कोमटलेलं पाणी घ्यावं. ते 28 अंशांवर असेल तर निम्म्या विजेत काम होतं.

कूलर इथल्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये उत्तम चालतो, पण समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी, नाहीतर खोलीत दमट हवा कोंडते. पाऊस सुरू झाला की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. बोअरिंगच्या पाण्याने कूलरच्या घासेवर, म्हणजे पाणी झिरपणाऱ्या पॅडवर, क्षार बसून हवा अडते, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण उपसा. त्याने डासांची पैदासही थांबते. काढलेलं पाणी फरशी धुवायला वापरा, झाडांना नको.

पाणी

नर्मदेचं पाणी जलूदहून विंध्य चढवून इंदूरला येतं आणि अनेक वस्त्यांत एक दिवसाआड मिळतं. नळाचं शुल्क ठरावीक असल्याने पाणी वाचवल्याचे पैसे लगेच दिसत नाहीत. दिसतात ते मेमध्ये, बोअरिंग आटल्यावर टँकर किती मागवावे लागले त्यात. फेब्रुवारीतच टाकीचा बॉलकॉक आणि प्रत्येक नळाचा वॉशर तपासा. थेंब-थेंब गळणारा नळ दिवसाला दहा-वीस लिटर घालवतो.

आरओ घेण्याआधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरने मोजा. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची 500 मिलिग्रॅम प्रतिलिटर ही इष्ट मर्यादा आहे. त्याखाली असेल तर बहुधा यूव्ही किंवा उकळणं पुरतं. घरगुती आरओ एका लिटरसाठी दोन-तीन लिटर पाणी फेकतो. मात्र पावसाळ्यात पाणी गढूळ आलं किंवा वास आला तर गॅसचा विचार न करता खळखळून उकळा.

भाजी, आणि कोठीचा तळ

चोइथराम मंडीतून आठवड्याची भाजी आणायची तर आधी ठरवा कोणत्या दिवशी काय शिजणार. पालेभाजी पहिले दोन दिवस, मग वांगी-भेंडी, शेवटी कोबी, दुधी, भोपळा. मटार जानेवारीत साठवायचे तर 10 किलो शेंगांतून साधारण 4 ते साडेचार किलो दाणे निघतात. भाव त्याच हिशेबाने तोला. दाणे दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, मग कापडावर कोरडे करून अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या चपट्या करून गोठवा. उकळत्या पाण्याचा टप्पा गाळला तर दोन महिन्यांत रंग आणि चव दोन्ही उतरते.

मार्चअखेर कोठीत उरलेला गहू आधी दळून संपवा. किलो-दोन किलो उरला तरी नव्या गव्हात मिसळू नका, जुन्यातली कीड पूर्ण नव्या साठ्यात पसरते. कोठी रिकामी करून सांधे ब्रशने झाडा, आतून कोरड्या कापडाने पुसा आणि झाकण उघडं ठेवून तीन दिवस कडक उन्हात तापवा.