निवाऱ्यातला कुत्रा घरी आणताना

निवाऱ्यातून कुत्रा दत्तक घ्यायचे ठरले की बहुतेक लोक लगेच निवड करायला निघतात, कारण कोणता कुत्रा आणायचा हाच त्यांच्या लेखी मुख्य प्रश्न असतो. निवड महत्त्वाची आहेच. परंतु आणलेला कुत्रा त्या घरात रुळतो की काही दिवसांनी परत जातो, हे पहिल्या काही आठवड्यांत घरातली माणसे त्याच्याशी कशी वागतात यावर अधिक अवलंबून असते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून या लेखात निवडीइतकीच, किंबहुना तिच्याहून जास्त, जागा नंतरच्या दिवसांना दिली आहे.

निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांची खरी संमती घ्यावी. कुत्रा दहा ते पंधरा वर्षे जगतो. त्याला रोज बाहेर कोण नेणार, घरातले सगळे गावाला गेले तर तो कोणाकडे राहणार आणि घर भाड्याचे असल्यास मालकाची परवानगी आहे का, या प्रश्नांची उत्तरे आधी हवीत. कोणाला प्राण्यांच्या केसांची अ‍ॅलर्जी असेल तर त्या व्यक्तीने निवाऱ्यात जाऊन कुत्र्यांजवळ काही वेळ घालवून पाहावा.

पिल्लू आणावे की मोठा कुत्रा, याबाबत लोकांचा ओढा पिल्लाकडे असतो. पिल्लू साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जग ओळखायला शिकते आणि या काळात त्याला निरनिराळी माणसे, आवाज व जागा यांची सवय लागली नाही तर पुढे ते बुजरे होऊ शकते. शिवाय सोळा आठवड्यांचे होईपर्यंत त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी लसी द्याव्या लागतात. दिवसभर घरी कोणी नसेल तर हे सारे निभावणे कठीण असते. मोठ्या कुत्र्याचा आकार आणि स्वभाव समोर दिसत असतो, त्यामुळे पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याने दोन-तीन वर्षांच्या पुढचा कुत्रा घ्यावा, असे मी सुचवेन. म्हातारा कुत्रा आणायची तयारी असेल तर फारच चांगले, कारण अशा कुत्र्यांकडे सहसा कोणी वळत नाही.

निवाऱ्यातला कुत्रा आणि घरातला कुत्रा यांच्या वागण्यात बरेच अंतर असते, हे लक्षात ठेवूनच पिंजऱ्यांपुढून फिरावे. तिथला आवाज कित्येकदा शंभर डेसिबलच्या पुढे जातो, झोप पुरी होत नाही आणि अनोळखी वास सतत येत राहतो; अशा ठिकाणी शांत स्वभावाचा कुत्राही जाळीवर झेपावून भुंकतो, तर एखादा खेळकर कुत्रा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसून राहतो. पिंजऱ्यासमोर सरळ उभे राहून डोळ्याला डोळा भिडवू नये. थोडे तिरके उभे राहावे, खाली बसावे, हात जाळीच्या आत घालू नये आणि एक-दोन मिनिटे गप्प राहून पाहावे. कुत्रा जीभ वारंवार ओठांवरून फिरवत असेल, झोप आलेली नसताना जांभया देत असेल, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल इतकी नजर वळवत असेल किंवा शेपूट पोटाखाली दाबून बसला असेल, तर तो घाबरलेला आहे. हालचाल अचानक थांबवून अंग ताठ करणारा कुत्रा मात्र याहून गंभीर इशारा देत असतो. त्याच्या आणखी जवळ जाऊ नये. मनात भरलेल्या कुत्र्याला कर्मचाऱ्यांच्या मदतीने पिंजऱ्याबाहेर, मोकळ्या जागी भेटावे आणि शक्यतो वेगळ्या दिवशी पुन्हा एकदा भेटावे. पहिल्या भेटीत तुमच्याकडे ढुंकूनही न पाहणारा कुत्रा दुसऱ्या भेटीत हळूच जवळ येऊन हात हुंगतो, असे पुष्कळदा घडते.

यानंतर कर्मचाऱ्यांना सविस्तर प्रश्न विचारावेत: हा कुत्रा इथे कसा आला, आधी कोणी नेऊन परत केला होता का आणि कशासाठी, लहान मुले, मांजरे व इतर कुत्रे यांच्याशी तो कसा वागतो, खाताना कोणी जवळ आले तर काय करतो. डिस्टेंपर व पार्व्हो (कुत्र्यांचे जीवघेणे विषाणूजन्य आजार) आणि रेबीज यांच्या लसींच्या, जंतांच्या औषधाच्या आणि नसबंदीच्या लेखी नोंदी मागाव्यात. गोचिडांमुळे होणारे ताप आणि डासांमार्फत पसरणारे हृदयातील जंत यांची तपासणी झाली आहे का, तेही विचारावे. चांगला निवारा तुम्हालाही उलट प्रश्न विचारतो, कधी घर पाहायला येतो. त्याचा राग मानू नये.

काहींना कुत्रा निवाऱ्यात नव्हे, तर रस्त्यावरच भेटतो. असा कुत्रा हरवलेलाही असू शकतो, म्हणून पशुवैद्याकडे नेऊन त्याच्या कातडीखाली मायक्रोचिप, म्हणजे मालकाची ओळख पटवणारी बारीकशी चिप, आहे का, हे आधी पाहून घ्यावे. जखमी कुत्रा कितीही गरीब दिसला तरी वेदनेने चावू शकतो. त्याला उचलण्यापूर्वी अंगावर जाड चादर टाकावी आणि स्वतःचा चेहरा त्याच्या तोंडापासून लांब ठेवावा. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. घरात आधीचा कुत्रा असल्यास नव्याला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने तग धरतो आणि साध्या साबणाने जात नाही, म्हणून भांडी, अंथरूण आणि चपलाही दोघांसाठी निराळ्या ठेवाव्यात.

घरी नेण्याच्या दिवशी सर्वांत जास्त धोका असतो तो कुत्रा निसटून पळण्याचा, आणि हा मुद्दा लोक फार हलक्यात घेतात. घाबरलेला कुत्रा मागे सरकत मान खाली घालतो आणि गळ्यातला पट्टा डोक्यावरून क्षणात निघून येतो. म्हणून गळ्यात पट्टा आणि अंगावर हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा, असे दोन्ही घालावे, दोन्हींना दोरी जोडावी आणि पट्ट्याखाली जेमतेम दोन बोटे जातील इतकाच तो सैल ठेवावा. तुमचा फोन नंबर असलेला बिल्ला निवाऱ्यातून निघण्यापूर्वीच पट्ट्याला अडकवावा आणि मायक्रोचिपच्या नोंदीत तुमचे नाव लावून घ्यावे. गाडीचे दार उघडण्याआधी दोरी हातात घट्ट धरलेली हवी; घराचे दार उघडतानाही पहिले काही आठवडे हाच नियम पाळावा.

निवाऱ्यांत काम करणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असा एक ढोबळ हिशेब सांगतात: पहिले तीन दिवस कुत्रा गांगरलेला असतो, तीन आठवड्यांत त्याला घराची दिनचर्या कळते आणि तीन महिन्यांत तो खऱ्या अर्थाने आपला होतो. प्रत्येक कुत्र्याला हे माप लागू पडतेच असे नाही, काहींना वर्षही लागते. तरी घाई टाळण्यासाठी ते उपयोगी आहे. सुरुवातीच्या दिवसांत पाहुणे बोलावू नयेत, वैद्यकीय गरज नसेल तर आंघोळ घालू नये, झोपलेल्या कुत्र्याला हात लावू नये आणि एका शांत कोपऱ्यात त्याचे अंथरूण व पाणी ठेवून तिथे त्याला कोणी छेडणार नाही याची काळजी घ्यावी. पहिल्या दिवशी तो जेवला नाही तर मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत लगेच घाबरण्याचे कारण नाही. मात्र उलट्या, रक्ताचे जुलाब किंवा पडून राहणे दिसल्यास, आणि पिल्लाच्या बाबतीत नुसते खाणे सुटले तरी, पशुवैद्याकडे जाण्यास उशीर करू नये. निवाऱ्यात मिळणारे अन्न एकदम बंद न करता आठवडाभरात थोडे थोडे करून बदलावे. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा घटक) घातलेले गोड पदार्थ त्याच्या आसपासही ठेवू नयेत. शिजवलेली हाडेही देऊ नयेत, कारण त्यांच्या अणकुचीदार चिरफळ्या आतड्यात रुततात.

एखाद्या दिवशी कुत्रा गुरगुरेल, आणि तेव्हा त्याला रागावण्याची चूक पुष्कळ घरांत होते. गुरगुरून तो फक्त सांगतो की मला हे सोसवत नाही, लांब व्हा. त्याबद्दल शिक्षा झाली तर तो गुरगुरणे सोडतो आणि पुढच्या वेळी सरळ चावतो. अशा वेळी आपण मागे व्हावे, नेमके कशाने त्याला त्रास झाला ते टिपून ठेवावे आणि तोच प्रसंग पुन्हा येऊ लागला तर वर्तनतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. खाणाऱ्या कुत्र्याच्या पुढ्यातले भांडे 'सवय व्हावी' म्हणून उचलू नये; त्यापेक्षा जाता-येता लांबून त्यात एखादा आवडता तुकडा टाकावा, म्हणजे माणूस जवळ येणे त्याला चांगले वाटू लागते. लहान मूल आणि नवा कुत्रा यांना मोठ्या माणसाच्या नजरेआड एकत्र सोडू नये.

घरातल्या जुन्या कुत्र्याशी नव्याची गाठ घराबाहेर, दोघांनाही अनोळखी असलेल्या जागी घालावी: दोन माणसांनी दोघांना पुरेसे अंतर ठेवून एकाच दिशेने चालवावे आणि दोघांची अंगे सैल पडल्यावरच अंतर कमी करावे. एकटे राहण्याचा सराव काही मिनिटांपासून सुरू करावा, अन्यथा सुट्टीभर सतत सोबत राहिलेला कुत्रा पहिल्याच कामाच्या दिवशी दार ओरबाडून काढतो. घरात घाण केल्यास ओरडून उपयोग होत नाही. उठल्यावर, जेवल्यावर आणि खेळल्यावर त्याला बाहेर न्यावे आणि तिथे शी-शू केल्यावर तिथेच खाऊ द्यावा.

एवढे करूनही क्वचित जमत नाही, आणि कुत्रा परत करावा लागणे हा गुन्हा नव्हे. अडचण दिसू लागताच निवाऱ्याला कळवावे, कारण पुष्कळ प्रश्न फोनवरच्या सल्ल्याने सुटतात. त्याला परस्पर अनोळखी माणसाच्या हवाली करू नये. परत नेताना तो घरात कशाला घाबरला, कोणाशी छान वागला, काय खाल्ले आणि रात्री कुठे झोपला याची प्रामाणिक लेखी नोंद सोबत द्यावी. पिंजऱ्यात न दिसणारी ही माहिती त्याच्यासाठी पुढचे घर शोधताना कर्मचाऱ्यांच्या कामी येते.