मुंबईला समुद्र बघायला येताय? मग या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात अकोल्याचे मामा-मामी आणि त्यांचा बंटी चार दिवस आमच्याकडे दादरला आले होते. बुद्ध पौर्णिमेची सुट्टी होती म्हणून मी झोकात प्लॅन केला, दुपारी हाजी अली आणि संध्याकाळी जुहू. साडेअकराला हाजी अलीला पोचलो तर दर्ग्याकडे जाणारा रस्ताच पाण्याखाली. बरं म्हटलं, राहू दे, जुहूला तरी मजा करू. सहा वाजता जुहूला उतरलो तर नुसती ओली चिकट वाळू, पाणी पार लांब, आणि मामा कमरेवर हात ठेवून विचारतायत, "काऊन बे, समुद्र कुठी गेला?"

दोन्ही ठिकाणी चूक एकच होती आणि ती माझी, जन्म मुंबईत जाऊन. मी गुगल मॅप बघितला, तिथी नाही बघितली.

तर पहिली चूक हीच, भरती-ओहोटी न बघता निघणं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज पाऊण तासाने वगैरे पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांचा सोप्पा हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा, पौर्णिमा-अमावस्येला पंधरा धरायचे म्हणजे सव्वाअकरा. दिवसाचीही तीच आणि रात्रीचीही साधारण तीच, आणि त्यानंतर सहा-एक तासांनी ओहोटी. अगदी घड्याळ लावून नाही जमत, अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो, पक्की वेळ हवी तर नेटवर टाइड टेबल मिळतं. पण कालनिर्णय भिंतीवर असताना मी पौर्णिमेच्या दुपारी लोकांना हाजी अलीला घेऊन गेलो, म्हणजे बघा. त्यात पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त, म्हणून जुहूला संध्याकाळी समुद्र गायब. आम्ही अष्टमीला गेलो असतो तर सूर्यास्ताला पाणी पायाशी असतं.

तुम्हीही असे पोचलात आणि रस्ता पाण्याखाली दिसला तर दोन-तीन तास दुसरीकडे काढा आणि परत या. गुडघाभर पाण्यातून जाऊ म्हणणारा एक हिरो प्रत्येक फॅमिलीत असतो, त्याला आवरा.

दुसरी चूक, पावसाळ्यात पाण्यात उतरणं. जून ते सप्टेंबर जुहू-वर्सोव्याला लाटा परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेतात, पोहता येणाऱ्यालाही जमत नाही. लाल झेंडा असेल किंवा लाइफगार्ड शिट्टी मारत असेल तर वाद घालू नका. ऑगस्टच्या आसपास निळ्या फुग्यासारखे ब्लू बॉटल नावाचे डंख मारणारे समुद्री जीव वाहून येतात, दिसायला गोड, मुलं हमखास हात लावतात. डंख झाला तर वाळूने चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले दोरे काडीने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात हात-पाय बुडवून ठेवा, आणि श्वास लागत असेल तर सरळ दवाखाना. मरीन ड्राइव्हचे ते चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, टेट्रापॉड, लाटा फोडायला टाकलेत, सेल्फीला नाही. शेवाळं असतं, पाय सटकला की मधल्या फटीत.

आता लोकल. दादरहून महालक्ष्मीला, म्हणजे हाजी अलीच्या स्टेशनला, जायचं म्हणून बंटी समोर आली त्या फास्टमध्ये चढला आणि आम्ही प्लॅटफॉर्मवर. फास्ट महालक्ष्मीला थांबत नाही, पार्ल्यालाही नाही, म्हणजे हाजी अली आणि जुहू दोन्हींना स्लोच लागते (जुहूला अंधेरीवरून गेलात तर फास्ट चालते). असं झालं तर घाबरू नका, मुंबई सेंट्रलला उतरा आणि तिथून स्लोने एक स्टेशन मागे. एसी लोकलमध्ये साधं तिकीट चालत नाही. सकाळी आठ ते अकरा चर्चगेट-सीएसएमटीकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उलट्या दिशेला सुटकेस घेऊन चढू नका, खरंच नका. एअरपोर्टवरून येत असाल तर आता भुयारी मेट्रो ३ आहे, दादर, सीएसएमटी सगळं करत कफ परेडपर्यंत जाते, बॅगा असतील तर तीच बरी. आणि दादरला उभं राहून रिक्षा शोधू नका, मामांनी वीस मिनिटं शोधली, शहरात रिक्षा येतच नाहीत, वांद्रे-सायनच्या पुढेच. इकडे काळी-पिवळी टॅक्सी, मीटरने, सुरुवातीचे 31 रुपये.

वार पण बघा हो. सोमवारी घारापुरीची लेणी बंद, नॅशनल पार्क पण सोमवारीच बंद, राणीची बाग (प्राणिसंग्रहालय) बुधवारी, आणि रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास लाइन बंद, त्यामुळे रविवारी निघण्याआधी कुठल्या लाइनवर कधी आहे ते बघूनच निघा. घारापुरीची बोट गेटवेवरून साधारण तासभर घेते, वर पायऱ्या आहेत, तेव्हा सकाळीच जा, दुपारी तीनला पोचून काही बघून होत नाही. अलिबागकडच्या मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात गेटवेवरून बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) आहे, तीही हवा बघून.

विदर्भातले लोक अजून एक करतात, "आमच्याकडे पंचेचाळीस असते, तुमच्या चौतिसाचं काय" म्हणून जीन्स घालून येतात. इथे घाम सुकत नाही राजा. ओली जीन्स, त्यात वाळू आणि वर गर्दीची लोकल, बंटीला विचारा. पातळ सुती कपडे, आणि दुपारी एक ते चार घरात किंवा कुठल्यातरी म्युझियममध्ये.

राहता राहिलं खाणं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा कुणी ताजं पापलेट म्हणून ताट पुढे केलं तर ते बर्फातलं असण्याचीच शक्यता जास्त. त्या दोन महिन्यांत सुका बोंबील, सुकट मागवा. मामींनी मे असूनही जाताना दोन किलो सुकट नेलं, ट्रेनमध्ये अख्ख्या डब्याला कळलं म्हणे.