जुन्या सायकेडेलिक-प्रोग बँडवर स्वतःचं मासिक कसं काढायचं, आणि तारखांनी कसं तोंडघशी पडायचं नाही

आधीच सांगतो, मासिक काढून पैसे कसे मिळवायचे यावर हा लेख नाही, कारण मिळत नाहीत. मी पुण्यात बसून बरीच वर्षं जुन्या सायकेडेलिक आणि प्रोग्रेसिव्ह, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातल्या प्रयोगखोर रॉकवर बत्तीस पानी अंक काढतोय, वर्षाला एक, कधीकधी दीड वर्षाला एक, आणि दर अंकानंतर कोणीतरी मेसेज करतंच की दादा मलापण काढायचंय, सॉफ्टवेअर कुठलं वापरता. अरे सॉफ्टवेअर काय घेऊन बसलात! १९६६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत पॉल विल्यम्स नावाच्या सतरा वर्षांच्या कॉलेजकुमाराने क्रॉडॅडी या रॉक मासिकाचा पहिला अंक सायक्लोस्टाइल करून काढला, प्रती ५००, आणि आज रॉकवरच्या लिखाणाचा इतिहास सांगताना सुरुवात तिथून करतात. गॅलॅक्टिक झू डॉसिएर हे मासिक तर अख्खं हाताने लिहिलेलं आणि चितारलेलं. तेव्हा तो प्रश्न बाजूला ठेवा.

संगीत ऐकलंय, इंग्रजी वाचता येतं आणि घरात अर्धं कपाट या विषयाच्या पुस्तकांनी भरलंय असं धरून पुढे जातो. नसेल तर आधी तेवढं करून या.

विषय लहान घ्या. "सायकेडेलिक रॉकचा इतिहास" हा विषय नाही, ती हौस आहे. व्हर्नन जॉयन्सनचे ब्रिटन-अमेरिकेच्या शेकडो बँडांचे जाडजूड कोश नव्वदच्या दशकातच निघालेत, लेस्टरच्या फ्रीमन बंधूंनी क्राउटरॉकचा, म्हणजे जर्मन प्रायोगिक रॉकचा कोश १९९६ ला काढला, त्यांच्याशी स्पर्धा करून तुम्ही मरणार. एक बँड घ्या किंवा एक शहर, एक रेकॉर्ड कंपनी, फार तर एक वर्ष. झिगझॅग या इंग्लिश मासिकवाल्या पीट फ्रेमचे ते प्रसिद्ध वंशवृक्ष आठवा, एका पानावर एकाच घराण्याची भानगड, कोण कुठल्या महिन्यात कुठून बाहेर पडला आणि कुणाकडे गेला. बस, तेवढाच आवाका.

आता खरं काम. तारखा.

लोकांना वाटतं तारखा म्हणजे शाळेतल्या इतिहासासारखं रटाळ प्रकरण, संगीताबद्दल लिहा की राव. पण या विषयात अर्धी गोष्टच तारखेवर उभी असते. प्रिटी थिंग्ज या इंग्लिश बँडची एस. एफ. सॉरो घ्या, अख्ख्या रेकॉर्डभर एकच कथा. रेकॉर्डिंग १९६७ च्या शेवटी अ‍ॅबी रोड स्टुडिओत सुरू झालं, रेकॉर्ड इंग्लंडमध्ये डिसेंबर १९६८ ला आली, म्हणजे द हू या बँडच्या तशाच कथावाल्या टॉमीच्या पाच महिने आधी, टॉमी मे १९६९ ची. पण अमेरिकेत सॉरो निघाली टॉमी येऊन गाजल्यावर, त्यामुळे तिथल्या लोकांना वाटलं ही नक्कल आहे. आता तुम्ही लेखात नुसतं "१९६९" लिहिलंत, कारण तुमच्या हातातली प्रत अमेरिकन आहे, तर तुम्ही फक्त आकडा चुकला नाहीत, एका बँडवर चोरीचा आळ घातलात.

आणि मी हे वरून उपदेश म्हणून सांगत नाहीये. माझ्या दुसऱ्या अंकात मुंबईच्या एका बँडवर आठ पानी लेख होता, त्यात मी ठणकावून लिहिलं की हे गाणं १९६८ चं, आपल्याकडचं या प्रकारचं पहिलं. पुरावा काय, तर एका पुस्तकात तसं होतं आणि गिटारवाल्या अंकलनी फोनवर "हो हो, सिक्स्टी-एट" म्हटलं होतं. दोन पुरावे झाले ना! अंक छापून आला, पोस्टात गेला, आणि तीन आठवड्यांनी एका वाचकाने वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो पाठवला ज्यात तोच बँड तेच गाणं नवीन म्हणून वाजवतोय, तारीख १९७१ ची. मग कळलं की पुस्तकवाल्यानेसुद्धा त्याच अंकलना विचारलं होतं. म्हणजे माझे दोन पुरावे हा एकच माणूस होता, दोनदा विचारलेला. उरलेल्या दीडशे प्रतींमध्ये मी हाताने दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवत बसलो, डिंकाने, रात्री दोन वाजेपर्यंत. तेव्हापासून "पहिला" हा शब्द माझ्या अंकात येत नाही. तुम्हीही वापरू नका. कोणीतरी तुमच्या आधी असतोच.

तर पद्धत अशी. एक साधी दोनशे पानी वही घ्या, एक्सेल नको, वही. प्रत्येक घटनेला एक ओळ आणि रंग तीन. माणसाने आठवून सांगितलेलं पेन्सिलने. त्या काळातच छापलेलं, म्हणजे तेव्हाचं मासिक, वर्तमानपत्र, पोस्टर, तिकीट, हे निळ्या पेनने. आणि खुद्द वस्तू, म्हणजे रेकॉर्ड, लेबल, कव्हर, ते लाल पेनने. नंतरची पुस्तकं आणि नेटवरच्या याद्या वहीत येतच नाहीत, त्या फक्त कुठे शोधायचं ते सांगतात. नियम एकच, पेन्सिलच्या दहा ओळी मिळूनसुद्धा निळी होत नाही. मला हे कळायला दोन अंक आणि एक डिंकाची बाटली लागली.

दुसरं, "कधीची रेकॉर्ड" असा प्रश्नच विचारायचा नाही. कधी रेकॉर्ड केली, कधी बाजारात आली, कधी कुठे परीक्षण आलं, या तीन वेगळ्या तारखा आहेत. आपल्याकडचंच उदाहरण, अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट या मुंबईच्या बँडच्या रेकॉर्डच्या नावातच ७७ आहे, पण ती दुकानात आली नंतर, बँड मोडल्यावर. नावातला आकडा उचलून "१९७७ साली प्रसिद्ध" लिहिणारे किती आहेत ते मोजणं मी सोडून दिलंय.

वस्तू वाचायला शिका, यात लोक सगळ्यात कच्चे असतात. रेकॉर्डच्या मधोमध चिकटवलेल्या कागदी लेबलवर वर्तुळातला पी आणि त्यापुढे साल असतं, ते त्या रेकॉर्डिंगच्या पहिल्या प्रकाशनाचं साल, तुमच्या हातातली प्रत त्या साली छापली असं ते अजिबात सांगत नाही. १९६९ चं रेकॉर्डिंग १९७६ ला पुन्हा छापलं तरी तिथे १९६९ च. आपल्या कलकत्त्याजवळच्या डमडमच्या रेकॉर्ड कारखान्यात निघालेल्या प्रतींबाबत तर हे डोक्यात घट्ट बसवा, मूळ इंग्लंडची रेकॉर्ड आणि तिची भारतीय प्रत यांत बरंच अंतर असू शकतं, आणि "आमच्याकडे तेव्हाच मिळायची" हे वाक्य पेन्सिलचं आहे. इंग्लंडच्या लेबलवर किंवा कव्हरवर खरेदीकराचा दोन अक्षरी शिक्का दिसला तर प्रत बहुधा एप्रिल १९७३ च्या आधीची, कारण त्या महिन्यात तो कर जाऊन व्हॅट आला.

मग रेकॉर्ड टेबललॅम्पखाली तिरकी धरा. गाणी संपल्यावर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा राहतो ना, त्यात बारीक अक्षरं कोरलेली दिसतील. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या इंग्लंडमधल्या हेजच्या कारखान्यातली प्रत असेल तर घड्याळात सहा असतात त्या जागी मॅट्रिक्स नंबर (त्या बाजूच्या रेकॉर्डिंगचा क्रमांक), नऊच्या जागी एक आकडा आणि तीनच्या जागी एकदोन इंग्रजी अक्षरं. ही अक्षरं म्हणजे स्टँपरचा, म्हणजे रेकॉर्ड दाबून छापणाऱ्या धातूच्या साच्याचा नंबर, आणि तो "ग्रामोफोन लिमिटेड" या नावातून काढलेला: जी १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी शून्य. म्हणजे नुसता जी दिसला तर पहिला स्टँपर, आरओ दिसलं तर पंचविसावा. हे पहिल्यांदा स्वतः वाचलं तेव्हा मी घरातल्या सगळ्या ईएमआयच्या रेकॉर्डी काढून जमिनीवर पसरल्या होत्या, जेवण गार झालं आणि बोलणी खाल्ली ती वेगळीच. पण सावध, हा नंबर क्रम सांगतो, तारीख नाही. याच्यावरून "ऑगस्टमधली प्रत" असं लिहिणारा माणूस भेटला तर हसून पुढे जा.

निळ्या पेनातही एक खड्डा आहे. इंग्लंडच्या मेलडी मेकरसारख्या साप्ताहिकांवर शनिवारची तारीख असायची पण अंक स्टॉलवर दोन-तीन दिवस आधीच यायचा, मासिकं तर पुढच्या महिन्याचं नाव लावून येतात. म्हणून परीक्षणाची तारीख ही प्रकाशनाची तारीख नव्हे. आणि जिथे मिटतच नाही तिथे मिटवू नका. पिंक फ्लॉइडची पहिली रेकॉर्ड, पायपर, प्रकाशनाची तारीख कुठे ४ ऑगस्ट १९६७ छापलीय, कुठे ५ ऑगस्ट. एक शुक्रवार, एक शनिवार. तुमचा लेख त्या एका दिवसावर उभा नसेल तर "ऑगस्ट १९६७" लिहा आणि झोपा. मुंबईचं बघा, लेड झेपेलिनचे पेज आणि प्लांट १९७२ साली इथे आले, कुलाब्याच्या स्लिप डिस्क या क्लबमध्ये वाजवून गेले, मुंबईच्या वादकांबरोबर रेकॉर्डिंगही केलं जे अधिकृतपणे त्यांच्या कोडा या अल्बमच्या २०१५ च्या आवृत्तीत निघालं, पण महिना कोणी मार्च छापतं, कोणी ऑक्टोबर. आणि स्लिप डिस्कच्या त्या रात्री तिथे हजर असलेली माझ्या ओळखीची माणसं मोजली तर ती त्या जागेत मावणारच नाहीत.

मुलाखती. आता अंकलना फोनवर साल विचारायचं नाही, कधीच नाही. समोर बसायचं, शक्यतो जुन्या फोटोंचा अल्बम मध्ये ठेवून, आणि सालाभोवतीचं विचारायचं. कॉलेज चालू होतं की नोकरी लागली होती? राहत कुठे होता? मळवलीच्या त्या १९७१ च्या स्नेहयात्रा संगीत महोत्सवाच्या आधी की नंतर? हा अ‍ॅम्प्लिफायर कुणाचा, आणि तो कधी विकला? फोटो उलटून मागे स्टुडिओचा शिक्का आहे का बघायचं. आणि घरात बायको असेल तर तिलाही बसवायचं, हे माझं पक्कं मत आहे, कारण बँडवाल्यांना टाळ्या आठवतात आणि बायकांना भाडं कुणी भरलं ते आठवतं. वांद्र्याला एका ड्रमरकडे बसलो होतो, अंकल रंगात येऊन सांगतायत की सिक्स्टी-एटच्या डिसेंबरात आमचा तो शो झाला, आणि आतून आंटी आल्या हात पुसत. "कसलं अडुसष्ट! ब्लॅकआउट होता तेव्हा. मी खिडक्यांना काळा कागद लावत होते आणि हा ड्रम घेऊन अंधारात जिन्यात अडकलेला." ब्लॅकआउट कुठला, पासष्टच्या युद्धातला तर नाही? "तेव्हा लग्न कुठे झालेलं आमचं!" संपलं, म्हणजे एकाहत्तरच्या युद्धातला, डिसेंबर १९७१. अंकल दोन मिनिटं गप्प होते, मग म्हणाले की हां, बरोबर, ड्रमला ओरखडा गेला होता. मी वहीत तरीही पेन्सिलनेच लिहिलं, पण आता वर्तमानपत्राचे कुठले पंधरा दिवस चाळायचे ते कळलं. आधी तीन वर्षांचे चाळायला लागले असते.

चाळणं म्हणजे खरंच चाळणं. मोठ्या जुन्या ग्रंथालयात बांधीव अंक असतात, कागद हात लावला की तुकडे पडतात, फोटो काढू देतील याची खात्री नाही, म्हणून पेन्सिल न्या आणि कर्मचाऱ्यांशी गोड बोला. कलकत्त्याच्या जेएसचे, म्हणजे ज्युनियर स्टेट्समन या तरुणांच्या साप्ताहिकाचे १९६७ ते १९७७ मधले अंक कुठे दिसले तर रद्दीवाला सांगेल तो भाव द्या, घासाघीस करू नका. आपल्याकडच्या बीट ग्रुपांबद्दल, म्हणजे तेव्हाच्या गिटारवाल्या बँडांबद्दल त्या काळातलं असं छापील दुसरीकडे फार मिळत नाही. आणि जाहिराती सोडू नका! बातमीत तारीख चुकते, तिकिटाच्या जाहिरातीत सहसा नाही, कारण लोक त्या दिवशी येऊन उभे राहणार असतात.

लिहिणं तुमचं तुम्ही बघा. फक्त लेखात कुठली तारीख पेन्सिलची आहे ते वाचकाला कळू द्या, "अमुक यांच्या आठवणीप्रमाणे" एवढं पुरतं.

गाण्याचे शब्द पूर्ण छापू नका, फोटोची परवानगी लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल.

छपाई सोपी आहे. ए-फोर कागद मध्ये दुमडून ए-फाइव्ह, पानं चारच्या पटीत, बत्तीस पानांना आठ कागद, आत ८० जीएसएम, वर जरा जाड, सेंटर पिन. छापायला देण्याआधी एक कोरा नमुना घडी घालून पानांवर हाताने नंबर टाका, नाहीतर सतराव्या पानावर सहावं पान येतं आणि दुकानदार म्हणतो तुमच्याच फाईलमध्ये होतं. आणि होतंच तुमच्या फाईलमध्ये.

प्रती दोनशेच्या वर नको. पाठवताना पाकिटात पुठ्ठा घाला. प्रत्येक मुलाखतवाल्याला दोन प्रती फुकट, एक त्यांना आणि एक आंटींना वेगळी, त्यांच्या नावाने.

आणि शेवटच्या पानावर अर्धी जागा मागच्या अंकातल्या चुकांसाठी राखून ठेवा. मला या वेळी ती पुरली नाही, दोन चुका कव्हरच्या आतल्या बाजूला गेल्या, त्यातली एक त्याच ओरखडा गेलेल्या ड्रमची, तो लाल नव्हता म्हणे, निळा होता. आंटींचा फोन आला होता.