पाऊस लागायच्या आत ट्रेनर मांडून घ्या

जून उजाडला की सिंहगडाची चढण आणि बोपदेव घाट सायकलच्या रोजच्या सरावातून सुटतात. पाण्याने भरलेला खड्डा वीतभर खोल की हातभर, ते पडल्यावरच कळतं. म्हणून मे संपायच्या आत घरात ट्रेनर, म्हणजे सायकल जागेवरच चालवता येईल असा स्टँड, मांडून ठेवावा.

आधी जागा. भिंतीला खेटून नको, आणि खाली जाड रबरी मॅट हवीच. सतरंजी टाकून भागत नाही. घरघर थेट खालच्या मजल्यावर उतरते आणि तिसऱ्या दिवशी काकू दारात उभ्या राहतात.

मागचं चाक रोलरवर टेकणारा ट्रेनर असेल, तर त्याच्यासोबत येणारा स्टीलचा स्क्यूअरच (चाकाच्या मधून जाणारा दांडा) लावा, सायकलचा हलका नको. टायर गुळगुळीत हवा. रस्त्याचा चांगला टायर इथे तापून झिजतो, फरशीवर काळी भुकटी पडते. हवा दर वेळी सारखीच भरा, रोलरची कळही तितकेच फेरे आवळा. नाहीतर वेगाचे, ताकदीचे आजचे आकडे कालच्याशी जुळणार नाहीत. पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवा.

मागचं चाक काढून त्या जागी बसवायचा डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर असेल, तर त्याच्यावरची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, सायकलच्या गिअरइतक्याच चकत्यांची हवी. ११ स्पीडची सायकल असेल तर ११चीच. चाक काढण्यापूर्वी चेन सगळ्यात लहान चकतीवर आणा. बसवल्यावर गिअर कुरकुरले तर केबलचा ॲडजस्टर पाव फेरा फिरवून बघा, बहुधा तेवढ्यानं भागतं. फ्रेम कार्बनची असेल तर कंपनी ट्रेनरवर लावायला परवानगी देते का, तेवढं वाचून घ्या.

आता घाम. याला सगळे हसण्यावारी नेतात. पहिल्या पावसाळ्यात मीही नेलं, आणि गणपतीच्या सुमारास स्टेमचे, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या भागाचे, बोल्ट बघतो तर गंजाने ॲलन की (षटकोनी चावी) आत शिरेना. तेव्हापासून हँडल आणि स्टेमवर जुना पंचा पसरतो, उतरल्यावर ओल्या फडक्याने पुसून मग कोरडं करतो. छतावरच्या पंख्यावर विसंबू नका. टेबलफॅन समोरून थेट छातीवर हवा. पाण्याच्या दोन बाटल्या, त्यातल्या एकीत लिंबू-मीठ.

ताकद मोजून ॲपला जोडता येणारा स्मार्ट ट्रेनर असेल तर दहा मिनिटं पायडल मारून तो तापल्यावरच कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमापाची जुळवणी, करा, थंड असताना नको. आणि पंखा व ट्रेनर दोघांना पुरेल असा एक्स्टेंशन बोर्ड आधीच काढून ठेवा, वायर घामाच्या धारेखालून जाणार नाही अशी.