अक्षरजोडीवरून इंग्रजी शब्द शिकताना

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा म्हटलं की ए ते झेड अशी लांबलचक यादी हातात पडते. माझा अनुभव असा की त्या यादीतले शब्द आठवडाभरात उडून जातात. एकाच अक्षरजोडीचे शब्द एका पानावर, अर्थासकट लिहिले की मात्र टिकतात. म्हणून वहीचं एकेक पान एकेका जोडीला द्या.

सुरुवात डब्ल्यू-आरपासून करा. यातला डब्ल्यू ऐकू येत नाही, त्यामुळे हे शब्द डोळ्यांनीच ओळखावे लागतात. या स्पेलिंगचा रिंग म्हणजे पिळणे, रेंच म्हणजे हिसका देऊन पिरगाळणे, रॅप म्हणजे गुंडाळणे, रिंकल म्हणजे सुरकुती, रिस्ट म्हणजे मनगट. सगळीकडे पीळ किंवा वळण. राँगचाही जुना अर्थ ‘वाकडे’. ‘लिहिणे’ या अर्थाचा राइट मात्र या कुळातला नाही, त्याचं मूळ ओरखडण्या-कोरण्यात आहे.

एस-एनचं पान नाकाचं. स्निफ म्हणजे हुंगणे, स्नोअर म्हणजे घोरणे, स्नाउट म्हणजे जनावराचं लांब नाकाड, स्नीझ म्हणजे शिंकणे. स्नीझ जुन्या इंग्रजीत एफ-एनने सुरू व्हायचा, पुढे तो एस-एनमध्ये येऊन बसला! पण स्नेक आणि स्नो यांचा नाकाशी काही संबंध नाही. अनोळखी शब्दाचा अंदाज बांधायला ही जोडी वापरा आणि खात्री शब्दकोशातच करा.

माझं सगळ्यात आवडतं पान के-एनचं. नी म्हणजे गुडघा, नील म्हणजे गुडघे टेकणे, नॉट म्हणजे गाठ, नो म्हणजे जाणणे. यातला के पूर्वी उच्चारला जायचा; जर्मनमध्ये गुडघ्याला आजही ‘क्नी’ म्हणतात. आपल्याला तर इथे घरचाच आधार आहे: नो आणि आपलं ‘ज्ञान’ एकाच प्राचीन धातूपासून आले आहेत, तसेच नी आणि संस्कृत ‘जानु’. हे नातं कळल्यावर या शब्दांतला के लिहायचा राहत नाही.

सी-एचचा उच्चार शब्दाच्या घराण्यावरून ठरतो. चाइल्ड, चिन हे अस्सल इंग्रजी, म्हणून च. कोरस, केमिस्ट्री, अँकर ग्रीकमधून आलेले, म्हणून क. शेफ, मशीन, पॅराशूट फ्रेंचमधले, म्हणून श. पानावर तीन रकाने पाडा.

शेवटी एक पान मुक्या अक्षरांना द्या. कर्ज या अर्थाच्या डेटमधला बी इंग्रजीत कधीच उच्चारला गेला नाही. शब्द फ्रेंचमधून बी-शिवाय आला आणि मूळ लॅटिन ‘डेबिटुम’ दिसावं म्हणून विद्वानांनी नंतर तो स्पेलिंगमध्ये घातला. डाउटचं तसंच. डेटशेजारी डेबिट आणि डाउटशेजारी ‘शंका नसलेला’ या अर्थाचा इनड्युबिटेबल लिहून ठेवा. दोन्हींत तो बी स्पष्ट ऐकू येतो.