कॅरियाकूवर घर राखायला जाण्यापूर्वी

कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटाच्या उत्तरेला कॅरियाकू हे जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचं बेट आहे. इथले काही घरमालक उन्हाळ्यात थंड देशांत जातात आणि मागे घर, कुत्रा, मांजरं कुणाच्या तरी हवाली करतात. भाडं नाही, दारात समुद्र. हे फुकट का, ते कॅलेंडर सांगतं: १ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिकचा वादळी मोसम. जून म्हणजे फार लवकर, जुलैत सावध राहा, सप्टेंबर विसरू नका, अशी तिथे जुनी म्हण आहे. बेरिल नावाच्या वादळाने ती मोडीत काढली. २८ जून २०२४ ला ते खुल्या समुद्रात नुकतं जन्मलेलं डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचं क्षेत्र होतं. १ जुलैला सकाळी ताशी २४० किलोमीटरच्या वाऱ्यानिशी ते कॅरियाकूवर चालून आलं आणि बेटावरची बहुतेक घरं त्याने मोडली. मध्ये तीन दिवससुद्धा नव्हते. त्यामुळे ही तयारी वादळाचं नाव ऐकल्यावर नाही, हो म्हणण्याआधी सुरू करायची.

पहिलं काम मालकाशी बोलण्याचं, आणि तेच सगळे टाळतात, कारण फुकट राहायला मिळत असताना असले प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. विचाराच, आणि उत्तरं लेखी घ्या. बेट सोडायचं की नाही हे कोण ठरवणार? माझ्या मते तुम्हीच, मालकाला न विचारता. हे मान्य नसेल तर ते घर घेऊ नका. तुम्ही गेलात तर जनावरं कुणाकडे? राहिलात तर घरातली सर्वांत भक्कम खोली कुठली? छप्पर वाशांना लोखंडी पट्ट्यांनी जखडलंय, की पत्रा नुसत्या खिळ्यांवर आहे? निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरकडे पत्रे कसे उडाले हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. बेरिलचा वारा त्याच्या साधारण दुप्पट होता, आणि वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. छपराबद्दल उत्तर गुळमुळीत आलं तर जवळचा सरकारी निवारा कुठे आहे ते पहिल्याच आठवड्यात चालत जाऊन पाहून या.

प्रवासविमा तिकिटाबरोबरच काढा. वादळाला नाव मिळाल्यावर काढलेल्या विम्यात ते वादळ सहसा धरत नाहीत. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट: घाईघाईने बाहेर पडताना मिळेल ते विमान मायामी किंवा न्यूयॉर्कमार्गे असू शकतं, आणि अमेरिकेचा व्हिसा नसेल तर त्यात चढू देत नाहीत.

आता पाणी. कॅरियाकूवर नदी नाही. छपरावरचा पाऊस पन्हळीतून घराखालच्या किंवा बाजूच्या मोठ्या टाकीत जातो आणि बहुतेक घरं त्यावरच जगतात. जानेवारी ते मे कोरडे, म्हणून जूनमध्ये टाकी तळाला गेलेली असू शकते. गेल्या गेल्या झाकण उघडून पातळी बघा, आणि टँकर कोण आणतो ते विचारून ठेवा. पन्हळी साफ करा. टाकीतलं पाणी नळाला पंपाने येतं, पंप विजेवर चालतो, आणि वादळानंतर वीज कित्येक आठवडे नसते. तेव्हा दोरी बांधलेली बादली हवीच, आणि ती झाकणातून आत जाते का हेही आधी बघून घ्या. पिण्यासाठी बिनवासाचं साधं ब्लीच, सहा टक्क्यांचं, लिटरला दोन थेंब. अर्धा तास थांबून प्यायचं. वादळ येणार हे नक्की झालं की टाकीकडे जाणारा पाइप सोडवा आणि टाकीचं तोंड बंद करा, नाहीतर खारे तुषार, पालापाचोळा आणि छपरावरची घाण सगळी आत जाते आणि भरलेली टाकी असून तहानलेले राहता.

खिडक्यांची शटर्स एकदा स्वच्छ उन्हात लावून बघा. खाऱ्या हवेने नट गंजतात. तेल द्या, पाना तिथेच टांगा, कुठली फळी कुठल्या खिडकीची ते खडूने लिहा. मग बाकी जमवाजमव: टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ, ताडपत्री, नायलॉनची दोरी, जाड तळव्याचे बूट, औषधं, जनावरांचं खाणं. रोकड पूर्व कॅरिबियन डॉलरच्या सुट्ट्या नोटांत ठेवा. वीज गेली की एटीएमही गेलं.

अमेरिकेच्या हरिकेन केंद्राची माहितीपत्रकं तिथल्या पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ ला येतात. पुण्याच्या घड्याळात पहाटेचं म्हणजे दुपारी अडीच. घरच्यांना हे सांगून ठेवा, म्हणजे ते वाहिन्यांवरच्या आरडाओरड्याऐवजी तिथे बघतील. ग्रेनाडाकडे जाणारी फेरीबोट आणि विमानं वादळ यायच्या पुष्कळ आधी थांबतात. म्हणून ‘वॉच’ हा वादळाच्या शक्यतेचा पहिला इशारा लागला, म्हणजे साधारण ४८ तास उरले, की जायचं ते तेव्हाच. त्यानंतरच्या पक्क्या इशाऱ्याची, ‘वॉर्निंग’ची, वाट बघू नका. बेटावरच्या टिरेल बे या उपसागरातल्या होड्या खारफुटीत शिरू लागल्या की समजा, ज्यांना समुद्र कळतो त्यांचं ठरलंय.

राहणारच असाल तर अंगणातलं सगळं आत घ्या, नारळ उतरवून घ्या, गॅसची टाकी बंद करून बांधा, खोल्याखोल्यांचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवा. फ्रीझरमध्ये रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या भरा. भरलेला फ्रीझर न उघडता दोन दिवस थंड राहतो. मग भक्कम खोलीत जनावरांसकट बसायचं. मध्येच वारा पडून आभाळ उघडलं तर बाहेर जाऊ नका, तो वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग असतो; थोड्या वेळाने वारा उलट्या बाजूने येतो.

नंतर बूट घालूनच बाहेर पडा, खिळे सगळीकडे असतात. जनरेटर घराबाहेर, खिडकीपासून लांब. आणि छप्पर शाबूत असेल तरी लगेच पाइप जोडू नका. पहिल्या एक-दोन सरींनी मीठ आणि चिखल धुऊन जाऊ द्या, हाताला पाणी लावून चाखा, मगच टाकीला जोडा.