औषध दुसऱ्याच्या प्लांटमध्ये बनते तेव्हा: ब्रँड कंपनी आणि उत्पादकाची भागीदारी कशी चालवावी

स्ट्रिपवर नाव मुंबईच्या कंपनीचे आणि गोळी बद्दीची, ही आपल्या औषध उद्योगातली रोजची गोष्ट आहे. २००३ साली केंद्र सरकारने हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडमधल्या नव्या कारखान्यांना करसवलती दिल्या. तेव्हापासून बद्दी आणि हरिद्वारकडे प्लांट उभे राहत गेले आणि सवलती संपल्यावरही तिथेच राहिले. विकणारा एका राज्यात आणि बनवणारा दुसऱ्या राज्यात असला, की दोन कंपन्यांबरोबर दोन राज्यांची औषध प्रशासनेही व्यवहारात येतात. अशी भागीदारी दरावरून क्वचित मोडते. ती मोडते ती कुठला निर्णय कोणी, किती तासांत घ्यायचा हे कागदावर नसल्यामुळे. म्हणून सगळी तयारी त्या कागदाच्या दिशेने करावी.

‘आम्ही फक्त विकतो’ ही सबब आता चालत नाही. औषध नियमांत ८४-डी आणि ८४-ई हे नियम आले आणि १ मार्च २०२१ पासून औषधाच्या दर्जाची जबाबदारी उत्पादकाबरोबर मार्केटरवरही, म्हणजे दुसऱ्याने बनवलेले औषध स्वतःच्या नावाने विकणाऱ्या कंपनीवरही, आली. दोघांत लेखी करार नसेल तर दुसऱ्याने बनवलेले औषध मार्केटरला स्वतःच्या लेबलखाली विकता येत नाही.

परवाना कोणाच्या नावावर?

लोन लायसन्समध्ये परवाना तुमच्या, म्हणजे ब्रँड कंपनीच्या, नावावर असतो. जागा आणि यंत्रे दुसऱ्याची. थर्ड पार्टी व्यवहारात उत्पादन परवाना आणि त्या औषधाची प्रॉडक्ट परमिशन दोन्ही उत्पादकाच्या नावावर असतात. तुमच्याकडे उरतो तो ट्रेडमार्क. सुरुवातीला थर्ड पार्टी सोपी वाटते, कारण कागदपत्रे उत्पादक करतो. पण उद्या प्लांट बदलायची वेळ आली, तर नव्या उत्पादकाला स्वतःची परमिशन काढावी लागते. कंपनीची मोठी विक्री ज्या दोन-तीन औषधांवर उभी आहे, ती शक्यतो लोन लायसन्सवर ठेवावीत किंवा त्यांच्यासाठी दुसऱ्या प्लांटची परमिशन आधीच काढून ठेवावी, हे आमचे ठाम मत.

प्लांट बघताना

चकचकीत कॉरिडॉर बघण्यात वेळ घालवू नका. क्यूसीमध्ये, म्हणजे तपासणी प्रयोगशाळेत, बसा आणि मागच्या बारा महिन्यांची ओओएस नोंदवही मागा. ओओएस म्हणजे ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलेले निकाल. वर्षाला शेकडो बॅच काढणाऱ्या प्लांटच्या वहीत एकही ओओएस नसेल, तर तो दर्जाचा पुरावा नव्हे, न लिहिण्याचा आहे. मग एचपीएलसीचा (नमुन्यातले घटक मोजणारे यंत्र) ऑडिट ट्रेल, म्हणजे यंत्राने आपोआप ठेवलेली प्रत्येक बदलाची नोंद, उघडायला सांगा. ‘ट्रायल’ नावाने टोचलेले नमुने, बदललेली घड्याळे, एकाच नमुन्याची दोनदा काढलेली गणिते, सगळे तिथे दिसते. चालढकल झाली तर तिथेच थांबा.

त्यानंतर तीन गोष्टी: पाणी यंत्रणेचे वर्षभराचे सूक्ष्मजीव निकाल, डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एमनुसार (औषध उत्पादनाच्या दर्जाचे नियम) काय पूर्ण आणि काय बाकी याची यादी, आणि तुम्हाला लागणाऱ्या लाइनचे पुढच्या सहा महिन्यांचे वेळापत्रक. लाइन आधीच भरलेली असेल तर तोंडी आश्वासनाला अर्थ नाही. केंद्रीय औषध नियंत्रक दर महिन्याला दर्जाहीन नमुन्यांची यादी प्रसिद्ध करतात, तीत उत्पादकाचे नाव शोधा. प्लांट अमेरिकेला माल पाठवत असेल तर एफडीएची (तिथली औषध नियामक संस्था) वॉर्निंग लेटर संकेतस्थळावर खुली असतात, तीही वाचा.

करार दोन हवेत

व्यापारी करार वेगळा आणि क्वालिटी अ‍ॅग्रीमेंट वेगळे. पहिला वकील लिहितात. दुसरे दोन्ही बाजूंच्या क्यूए (दर्जाची हमी देणारा विभाग) प्रमुखांनी समोरासमोर बसून लिहावे. दोन्हींत विसंगती आली तर दर्जाच्या बाबतीत क्वालिटी अ‍ॅग्रीमेंट वरचढ राहील, हे वाक्य व्यापारी करारात असलेच पाहिजे. ते नसेल तर डिस्पॅचच्या आदल्या रात्री सेल्स आणि क्यूएचा वाद व्यापारी कराराच्या बाजूने सुटतो.

क्वालिटी अ‍ॅग्रीमेंटचा गाभा म्हणजे एक तक्ता: काम, करणारा, मंजुरी देणारा, मुदत. ‘संयुक्त जबाबदारी’ हे शब्द त्यात कुठेही नकोत. दोघांचे म्हटलेले काम शेवटी कोणीच करत नाही. पुढच्या कामांवर जास्त वेळ द्या.

कच्चा माल. मंजूर पुरवठादारांची यादी कोणाची आणि ती बदलायला कोणाची सही लागते? सिरपमध्ये ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल असेल तर डायइथिलीन ग्लायकॉल आणि इथिलीन ग्लायकॉल, दोन्हींची तपासणी वापरण्याआधी झालीच पाहिजे. मर्यादा प्रत्येकी ०.१ टक्का. नमुना एका ड्रमचा घेऊन सगळा लॉट पास करणे बंद करा, प्रत्येक ड्रम तपासा. २०२२ साली गांबियात मुले दगावली, जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबरमध्ये चार सिरपांबद्दल इशारा दिला, आणि त्या सिरपांत हेच दोन पदार्थ सापडले होते. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर इथे विसंबायचे नाही, मग त्यासाठी उत्पादन दोन दिवस थांबले तरी चालेल.

ओओएस. उत्पादकाने एका कामकाजाच्या दिवसात कळवावे. प्रयोगशाळेतली चूक सिद्ध होण्याआधी नवा नमुना घेऊन पुन्हा तपासायचे नाही, अशी स्पष्ट अट घाला. पास होईपर्यंत तपासत राहण्याची सवय इथूनच लागते.

सरकारी नमुना. औषध निरीक्षकाने घेतलेला नमुना नापास झाला, तर विश्लेषकाच्या अहवालाला आव्हान द्यायची इच्छा अहवाल मिळाल्यापासून २८ दिवसांत लेखी कळवावी लागते. उत्पादकाच्या कार्यालयात पत्र येऊन वीस दिवस पडून राहिले तर हातात आठवडाच उरतो. म्हणून अशा पत्राची प्रत २४ तासांत दुसऱ्या पक्षाकडे गेली पाहिजे. राखीव नमुने लगेच सील करून ठेवायचे, हेही तक्त्यात लिहा.

दुष्परिणाम. गंभीर आणि अनपेक्षित दुष्परिणाम कळवायची मुदत १५ दिवसांची आहे. रुग्ण, कळवणारा, औषध आणि घटना या चार गोष्टी कंपनीपर्यंत पोहोचल्या की दिवस मोजायला लागतात. रुग्णाचा फोन लेबलवरच्या पत्त्यावरून उत्पादकाच्या गेटवर जाऊ शकतो, म्हणून गेटवरच्या आणि रिसेप्शनवरच्या माणसालाही काय लिहून घ्यायचे ते शिकवा. माहिती पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत तुमच्याकडे यावी.

रिकॉल, म्हणजे बाजारातून माल परत बोलावणे. निर्णय मार्केटरचा की उत्पादकाचा, यावर घटना घडल्यानंतर चर्चा करायला वेळ नसतो. जिवाला धोका असलेल्या पहिल्या वर्गात विक्री २४ ते जास्तीत जास्त ७२ तासांत थांबवायची असते. दोन्हींपैकी कोणत्याही एका पक्षाच्या क्यूए प्रमुखाने मागितला तर रिकॉल सुरू, खर्चाचा वाद नंतर, असे लिहा. वर्षातून एकदा खोटा रिकॉल करून पाहा: एक बॅच निवडा आणि चार तासांत तिच्या प्रत्येक पेटीचा हिशेब लागतो का ते बघा.

आर्टवर्क (लेबल, फॉइल, खोक्यांवरची छपाई) किरकोळ वाटते आणि सर्वाधिक लाजिरवाण्या चुका तिथेच होतात. जुनी आवृत्ती छापखान्यात राहते, किंवा एका ताकदीच्या फॉइलमध्ये दुसऱ्या ताकदीची गोळी जाते. प्रत्येक छापील साहित्याला आवृत्ती क्रमांक द्या आणि जुना साठा दोघांच्या सहीने नष्ट करा.

टेक ट्रान्सफरचा क्रम

औषध नव्या प्लांटमध्ये नेताना तपासणीची पद्धत आधी, उत्पादन प्रक्रिया नंतर. उलटे केले आणि निकाल चुकला, तर चूक गोळीत आहे की प्रयोगशाळेत हे कळत नाही. एकाच बॅचचे सहा-सहा नमुने दोन्ही प्रयोगशाळांत तपासा. नमुन्यातल्या मूळ औषधाचे प्रमाण म्हणजे अ‍ॅसे. अ‍ॅसेच्या सरासरीत २ टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर पुढे जाऊ नका.

ग्रॅन्युलेशन (पावडरीचे दाणे करणे) मोठ्या यंत्रावर नेताना फेरे तेच ठेवणे ही नेहमीची चूक. पात्याच्या टोकाचा वेग सारखा ठेवायचा असतो. २५ सेंटिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ३०० फेरे घेत असेल तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ३.९ मीटर होतो. एक मीटरच्या पात्याला तोच वेग ७५ फेऱ्यांत मिळतो. तिथे ३०० फेरे दिले तर दाणे दगडासारखे होतात आणि डिसोल्यूशन, म्हणजे गोळीतले औषध विरघळणे, घटते. मॅग्नेशियम स्टिअरेट (मिश्रण यंत्राला चिकटू नये म्हणून घालायचे वंगण) घातल्यानंतरच्या ब्लेंडिंगचेही तसेच. लहान ब्लेंडरमधली मिनिटे मोठ्यात जशीच्या तशी नेली की मिश्रण जास्त होते, कणांवर स्टिअरेटचा थर बसतो, गोळीचा कडकपणा घटतो आणि पाणी आत शिरायला उशीर लागतो. वेळेचा अभ्यास पहिल्या ट्रायल बॅचवरच करा.

त्यानंतर सलग तीन व्हॅलिडेशन बॅच, म्हणजे प्रक्रिया दर वेळी तोच दर्जा देते हे सिद्ध करणाऱ्या बॅच. त्या तिन्हींच्या वेळी तुमचा माणूस प्लांटमध्ये हवा, रात्रपाळीलाही. तिन्ही बॅच ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला सहा महिन्यांच्या स्टॅबिलिटीला (औषध किती टिकते याची चाचणी) लावा.

दर महिन्याला

दोन्ही बाजूंना एकेकच नाव ठेवा, ज्याच्याकडे सगळा पत्रव्यवहार जातो. त्याला ‘थांबवा’ म्हणायचा अधिकार असावा. नुसता निरोप्या नेमला तर प्रत्येक प्रश्न मालकांपर्यंत जातो. आठवड्याला अर्धा तास फोन आणि महिन्याला एक बैठक पुरते. बैठकीत चारच आकडे बघा: वेळेवर पूर्ण आलेल्या ऑर्डर, पहिल्याच फेरीत बिनचूक निघालेले बॅच रेकॉर्ड, ३० दिवसांपेक्षा जुनी उघडी डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीपासून झालेले फरक), आणि यील्ड (बॅचमधून प्रत्यक्ष निघालेला माल).

अंदाज बारा महिन्यांचा द्या, पहिले तीन महिने बंधनकारक ठेवा, आणि ऑर्डर पूर्ण बॅचच्या पटीतच द्या. दहा लाख गोळ्यांची बॅच म्हणजे दहाच्या एक लाख स्ट्रिपा. ऐंशी हजारांची ऑर्डर दिली तर उरलेल्या वीस हजारांचे काय, हा वाद ठरलेला. एपीआयचा (गोळीतले मूळ औषधी द्रव्य) दर ५ टक्क्यांहून जास्त हलला तर दोन्ही दिशांना फेरविचार, असे कलम ठेवा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे देणे २००६ च्या एमएसएमई कायद्याने बंधनकारक आहे. उशिरा पैसे देणाऱ्या मार्केटरची बॅच लाइनवर नेहमी शेवटी लागते, आणि त्याबद्दल उत्पादकाला दोष देता येत नाही.

वेगळे होताना

नव्या प्लांटमध्ये पद्धत, प्रक्रिया, व्हॅलिडेशन, सहा महिन्यांची स्टॅबिलिटी आणि परमिशन मिळून वर्ष सहज जाते. त्यामुळे नोटीस तीन महिन्यांची असून भागत नाही. १२ ते १८ महिन्यांची ठेवा आणि त्या काळात पुरवठा जुन्याच दराने चालू राहील असे लिहा. शेवटच्या मोठ्या ऑर्डरचा हक्क, छापील साहित्याची मोजणी आणि अ‍ॅनालिटिकल डेटाची प्रत यांची कलमे सही करतानाच घाला. विकलेल्या बॅचचे राखीव नमुने मुदत संपल्यानंतरही काही काळ आणि चालू स्टॅबिलिटी अभ्यास शेवटच्या बॅचची मुदत संपेपर्यंत जुन्या उत्पादकानेच सांभाळायचे असतात. त्याचा वार्षिक खर्च कोण देणार हे आधी ठरले नसेल, तर व्यवहार थांबल्यावर ते नमुने पहिल्यांदा दुर्लक्षित होतात, आणि बाजारातून तक्रार आली की ताडून बघायला हाताशी काहीच नसते.